बरोबरीत सुटली, दोघांचेही हात वर

लॅपटॉप रिकामा करायला बसले होते, स्टोरेज फुल्ल म्हणून तो रोज रडत होता, तर एका फोल्डरच्या तळाशी "लेथवे १९" नावाची फाइल सापडली. उघडली तर माझ्याच नोट्स. कुठली फाइट कधी, कोण कुठला, कंसात स्वतःशीच मारलेले शेरे, मध्येच "मामाला दाखवणे" असं तीन वेळा लिहिलेलं. २०१९ चं अख्खं वर्ष मी म्यानमारच्या या खेळापायी वेडी झाले होते आणि घरच्यांना वाटत होतं की हिला काहीतरी स्ट्रेस आहे. डिलीट करणार होते, वाचत बसले, आणि आता हे लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगते. लेथवे म्हणजे बर्मी बॉक्सिंग, ग्लोव्हज नाहीत, हाताला नुसतं गॉज बँडेज आणि वर चिकटपट्टी. थायलंडच्या मुय थायमध्ये दोन मुठी, दोन कोपरं, दोन गुडघे, दोन पाय अशी आठ हत्यारं मोजतात, लेथवेवाले म्हणतात आमची नऊ, कारण यांच्यात डोकंही चालतं. चालतं म्हणजे चुकून लागलं तर रेफ्री सोडून देतो असं नाही, टक्कर मारणं हा रीतसर डाव आहे, तो शिकवतात, त्याची प्रॅक्टिस होते. पहिल्यांदा बघताना मी लॅपटॉप अर्धा मिटून घेतला होता. मग हळूहळू कळायला लागलं की टक्कर कपाळाच्या वरच्या, केसांच्या सुरुवातीच्या टणक भागाने मारतात आणि समोरच्याचं नाक, भुवई, गालाचं हाड शोधतात. आणि बचावालाही तेच डोकं, म्हणजे समोरून बुक्का येतोय ना, मग मागे सरकण्याऐवजी हनुवटी खाली घालून कपाळ पुढे करायचं, बुक्का कपाळावर घ्यायचा, बोटं त्याची मोडतील. उघड्या मुठीने कपाळावर मारणं म्हणजे भिंतीवर मारणं. हे लक्षात आल्यावर आधी जी नुसती मारामारी वाटत होती त्यात डोकं (दोन्ही अर्थांनी) दिसायला लागलं.

मामाला दाखवणे, असं का लिहिलं होतं ते सांगते. मामा तरुणपणी तालमीत जायचा, अजूनही कुस्तीचा विषय निघाला की जेवण थंड होतं. त्याला मी एक जुना व्हिडिओ दाखवला, गावाकडच्या पॅगोडाच्या जत्रेतला. तिकडे लेथवे मुळात जत्रेतलाच खेळ, पॅगोडाचा उत्सव असला की लढती ठेवतात, मोन आणि कायिन म्हणजे करेन लोकांच्या भागात तर जास्तच. व्हिडिओत एक पोरगा रिंगमध्ये आला, डावा हात छातीपाशी दुमडला, उजव्या हाताचा तळवा खोलगट केला आणि डाव्या दंडाच्या मागच्या बाजूवर फाडकन मारला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. मामा खुर्चीत सरळ झाला. "अगं हा तर शड्डू ठोकतोय!"

शड्डूच तो. बर्मीत त्याला लेखामाऊं म्हणतात आणि अर्थही तोच, ये समोर. त्याच्या जोडीला एक छोटा नाच असतो, लेथवे याय, लढायच्या आधी करतात आणि जिंकल्यावर परत करतात. आणि हे सगळं चालू असताना बाजूला वाजंत्री बसलेली असते, ढोल, झांजा, बांबूच्या टाळ्या आणि ह्ने नावाची सनईसारखी पिपाणी, तीसुद्धा लढत संपेपर्यंत थांबत नाही, मारामारी तापली की तीही तापते. मामाने त्यावर फक्त एवढंच म्हटलं, "हलगी." बास. त्याला जे कळायचं ते कळलं होतं, मला समजवायची गरज उरली नाही.

तर २०१९. वर्ल्ड लेथवे चॅम्पियनशिप नावाचं एक प्रमोशन होतं, म्हणजे लढती भरवणारी कंपनी, लोक डब्ल्यूएलसी म्हणायचे, २०१७ च्या मार्चमध्ये त्यांचा पहिला इव्हेंट झाला. २०१९ च्या मार्चमध्ये सातवा झाला, ऑक्टोबरपर्यंत ते दहाव्यापर्यंत पोचले होते. लहान कंपनीसाठी हा वेग चांगलाच म्हणायचा. पण माझ्यासारख्या बाहेरच्या माणसासाठी त्या वर्षीची खरी बातमी वेगळीच होती, ती म्हणजे यूएफसी फाइट पासवर (यूएफसी म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या लढती भरवणारी बडी अमेरिकन कंपनी, फाइट पास ही तिची ऑनलाइन सेवा) लेथवे दिसायला लागलं. तोपर्यंत लेथवे बघायचं म्हणजे कोणीतरी फोनवर शूट केलेलं, मधेच कोणाचं तरी डोकं आडवं, आवाज फाटलेला, आणि नेमका नॉकआउट झाला की कॅमेरावाला स्वतःच उड्या मारतोय. आता अचानक स्लो मोशन, इंग्रजी कॉमेंट्री, वजनी गट, बेल्ट, सगळं चकाचक.

फाइट पासवरची सुरुवात नवव्या इव्हेंटने झाली, २ ऑगस्ट २०१९, मंडाले, मंडालार थिरी इनडोअर स्टेडियम. नाव होतं किंग ऑफ नाइन लिंब्स. मेन इव्हेंटला डेव्ह लडूक विरुद्ध सेथ बझिन्स्की, क्रूझरवेट वजनी गटाचा बेल्ट पणाला लागलेला. बझिन्स्की अमेरिकन, आधी यूएफसीत लढलेला, सहा फुटाच्या वर उंच. लडूक कॅनडाचा, क्यूबेकमधल्या गॅटिनोचा, आणि या माणसाबद्दल मला आधी मनातून थोडा रागच होता. सोशल मीडियावर स्वतःचं मार्केटिंग इतकं की बघवत नाही. पण खेळात तो पूर्ण उतरलाय हेही खरं, मांड्यांवर बर्मी पद्धतीचं पारंपरिक गोंदण करून घेतलं, लग्नसुद्धा म्यानमारमध्ये तिथल्या पद्धतीने केलं, रिंगमध्ये नाच करतो तो पाहुण्यासारखा नाही करत. त्या दिवशी त्याने दुसऱ्याच राऊंडमध्ये नॉकआउट केला. माझ्या फाइलमध्ये या लढतीबद्दल एवढंच लिहिलंय: "उंचीचा काही फायदा नाही. जवळ गेला की संपलं." बाकीच्या लढतींची नावंसुद्धा नीट लिहिलेली नाहीत, म्हणजे बहुतेक मी तेव्हा जेवत होते.

म्यानमारचं घड्याळ आपल्यापेक्षा एक तास पुढे आहे, हे मला त्या वर्षी पहिल्यांदा कळलं, तेही एक लढत चुकल्यावर.

ऑगस्टच्या त्या इव्हेंटनंतर मी एकदम भक्त झाले होते, सगळ्यांना लिंक पाठवत सुटले, की बघा बघा असा पण खेळ असतो. आणि मग ऑक्टोबरमध्ये दहावा इव्हेंट झाला, तो बघताना काहीतरी खटकायला लागलं आणि नक्की काय खटकतंय तेच कळेना. लढती चांगल्या होत्या, परदेशी लढवय्ये येत होते, बायकांच्या लढतीही होत होत्या (फ्रान्सची सूरी मानफ्रेदी पुढे त्यांची चॅम्पियन झाली, आणि तिची लढत बघाच, म्हणजे मग लोक बायकांच्या लढतीला टाइमपास समजणार नाहीत). सगळं व्यवस्थित. तरी पाच राऊंड संपले, जजनी निकाल दिला, एकाचा हात वर गेला, आणि मला रिकामंरिकामं वाटलं.

मामाने उत्तर दिलं, तेही न विचारता. तो शेवटचे दोन राऊंड माझ्या खांद्यावरून बघत होता. "म्हणजे हे पण गुणांवर?" असं इतक्या दुःखाने म्हणाला जसं काही घरातलं कोणी आजारी आहे.

तर हा मुद्दा. पारंपरिक लेथवेमध्ये गुणच नसतात. तीन मिनिटांचे पाच राऊंड, मध्ये दोन दोन मिनिटांची विश्रांती. त्या पाच राऊंडमध्ये समोरच्याला पाडलंस, किंवा तो सोडून गेला, किंवा डॉक्टरने थांबवलं, तर तू जिंकलास. आणि दोघंही शेवटच्या घंटेला पायावर उभे असतील तर बरोबरी. मग कोणी चार राऊंड मार खाल्लेला असला तरी बरोबरी. रेफ्री दोघांचे हात धरतो आणि दोन्ही वर करतो. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर फक्त निकाली कुस्ती, नाहीतर बरोबरीत सुटली. आकडेमोडीला जागाच नाही. डब्ल्यूएलसीने तिथे जज बसवले आणि पाच राऊंड संपले की ते ठरवायचे कोण जिंकला.

का केलं ते समजतं. परदेशातल्या प्रेक्षकाला तुम्ही पंधरा मिनिटं रक्त दाखवलं आणि मग म्हणालात की कोणीच नाही जिंकलं, तर तो रिमोट फेकेल. बेल्टचा धंदा बरोबरीवर चालत नाही. आणि बाहेरून येणाऱ्या किकबॉक्सरलाही गुणांची सवय असते, पाच राऊंड मागेमागे राहून घंटेची वाट बघणाऱ्या माणसाला नुसतं उभा राहिला म्हणून बरोबरी मिळाली तर त्याला ती फसवणूक वाटणार. हा आक्षेप खोटा नाही. मी स्वतः असे लेथवे सामने बघितलेत जिथे एकजण चौथ्या राऊंडपासून फक्त मिठी मारून वेळ काढतोय आणि पब्लिक ओरडतंय.

पण बरोबरीची जी बाजू मला तेव्हा दिसायला लागली ती अशी की हरणाऱ्यालाही शेवटपर्यंत काहीतरी मिळवायचं उरतं. गुणांच्या लढतीत तीन राऊंड गमावले की माणसाला माहीत असतं आपण गेलो, समोरच्यालाही माहीत असतं, आणि मग शेवटचा राऊंड हिशेबाचा होतो, पुढे असलेला लांब राहतो. पारंपरिक लढतीत उलटं. पुढे असलेल्याला पाडल्याशिवाय काहीच मिळणार नाही, त्यामुळे त्याला जवळ जावंच लागतं, आणि मागे असलेल्याला फक्त उभं राहायचंय. पाचव्या राऊंडला एक माणूस तुटून पडलाय आणि दुसरा फुटलेल्या भुवईने, एका डोळ्याने, नुसता उभा आहे, तो उभा राहिला की पब्लिक त्याच्यासाठी वेडं होतं, लोक क्यातच्या (तिकडचं चलन) नोटा रिंगपाशी आणून दोघांच्या हातात कोंबतात. हरला असं त्याला कोणी म्हणत नाही. आणि म्हणूनच तिकडच्या जुन्या लढवय्यांच्या रेकॉर्डमध्ये बरोबऱ्यांचा ढीग असतो आणि त्याची कोणाला लाज वाटत नाही.

लडूकचंच बघा. ९ ऑक्टोबर २०१६ ला तो तुन तुन मिनशी लढला, तुन तुन मिन तेव्हा ओपनवेट, म्हणजे वजनाची अट नसलेल्या गटाचा चॅम्पियन, देशाचा हिरो. पाच राऊंड झाले, दोघंही उभे, बरोबरी. समजा तिथे जज असते, कोणीतरी जिंकला असता, अर्ध्या लोकांनी शिव्या घातल्या असत्या आणि विषय संपला असता. बरोबरी झाली म्हणून प्रश्न तसाच लटकत राहिला, दोन महिन्यांनी, ११ डिसेंबरला, यांगूनच्या थेन प्यू स्टेडियममध्ये परत गाठ पडली आणि तिसऱ्या राऊंडला तुन तुन मिन पायाच्या दुखापतीने पुढे लढू शकला नाही, बेल्ट पहिल्यांदा परदेशी माणसाकडे गेला. ती दुसरी लढत इतकी मोठी झाली ती पहिल्या लढतीत निकाल लागला नाही म्हणूनच. मी तरी असंच मानते.

आता दुसरा बदल, आणि इथे मामाचं आणि माझं भांडण झालं.

पारंपरिक नियमात एक टाइमआउट असतो. म्हणजे लढवय्या खाली पडला, अगदी बेशुद्ध पडला तरी, त्याच्या कोपऱ्यात बसलेली त्याची माणसं दोन मिनिटांचा वेळ मागू शकतात. लढतीत एकदाच, आणि पाचव्या राऊंडमध्ये नाही. त्या दोन मिनिटांत काय चालतं ते मी एकदा नीट थांबवून थांबवून बघितलं. माणूस स्टुलावर टाकलेला, मान एका बाजूला. एकजण डोक्यावर बाटलीने पाणी ओततोय, एकजण बर्फ मानेला घासतोय, एकजण समोर गुडघ्यावर बसून गालावर चापट्या मारत नावाने हाका मारतोय. पोटऱ्या चोळतायत. एक मिनिटाच्या आसपास डोळे उघडले पण ते डोळे कुठेच बघत नव्हते, रिंगच्या दिव्यांकडे बघत होते. मग कोणीतरी काखेत हात घालून उभा केला, त्याने स्वतःच्या हातांकडे बघितलं, गॉज ओलं होऊन करडं झालेलं, आणि चालत मध्ये गेला. वाजंत्री परत सुरू. आणि पब्लिकचा तो आवाज, मी काय सांगू, अंगावर काटा येतो, आणि त्याच वेळी पोटात कालवतं.

मामाचं म्हणणं, हाच तर खेळ आहे, पडलेला उठला. लेथवेतली मोजणीसुद्धा म्हणून सावकाश असते, दहापर्यंत मोजायला वीस सेकंद, म्हणजे उठायला संधी द्यायची असा एकूण भाव आहे. माझं म्हणणं, बेशुद्ध होऊन उठलेल्या माणसाच्या डोक्यावर परत डोकं आपटणं याला कितीही परंपरा म्हटलं तरी मेंदूला परंपरा कळत नाही. पाय मुरगळला आणि दोन मिनिटं मागितली तर एक वेळ ठीक. पण डोकं गेल्यावर? डब्ल्यूएलसीने हा टाइमआउट काढून टाकला. पडलास, मोजून झालं, संपलं. मला ते शंभर टक्के पटलं. आणि तरी मोठ्या लढतींमधले माझे सगळ्यात आवडते क्षण याच टाइमआउटनंतरचे आहेत, हेही खरंय, आता काय करायचं त्याला.

म्हणजे माझा हिशोब असा झाला की टाइमआउट काढला ते बरं केलं, बरोबरी काढली ते नाही. मामाचा हिशोब: दोन्ही परत ठेवा आणि जज लोकांना घरी पाठवा.

बाय द वे, परंपरा परंपरा म्हणताना एक गोष्ट मला फाइलमध्ये ठळक करून लिहिलेली सापडली. आपण ज्याला "जुनं" लेथवे म्हणतो त्याचे नियमही काही हजार वर्षांपूर्वीचे नाहीत. आधी हे वाळूच्या हौद्यात चालायचं, आपल्या लाल मातीसारखं. १९५० च्या दशकात चा बा न्येन नावाच्या माणसाने, जो स्वतः १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये बॉक्सिंग खेळून आलेला, देशभर, मुख्यतः मोन आणि करेन भागात फिरून जुन्या लढवय्यांकडून शिकून घेतलं आणि आजचे नियम बसवले. तेव्हाही कोणीतरी मामा असणारच, "हे काय दोऱ्या लावून लढायचं" म्हणणारा. त्यामुळे डब्ल्यूएलसीने खेळ बिघडवला वगैरे मी म्हणणार नाही. त्यांनी दुसरा खेळ केला, तोही चांगला आहे, फक्त नाव तेच ठेवलं.

फाइलमधली शेवटची खरी नोंद ३१ जानेवारी २०२० ची आहे, अकरावा इव्हेंट, बॅटलबोन्स. कायद्याने ते २०१९ मध्ये बसत नाही पण माझ्या डोक्यात त्या वर्षाचा शेवट तोच. खाली लिहिलंय "पुढचा कधी??" दोन प्रश्नचिन्हं. त्यानंतर मार्चमध्ये म्यानमारमध्ये कोरोनाचे पहिले पेशंट सापडले, जत्रा बंद, लढती बंद. त्या ऑगस्टमध्ये एक इव्हेंट बिनप्रेक्षकांचा केला, रिकाम्या हॉलमध्ये शड्डूचा आवाज कसा येतो ते तेव्हा ऐकलं. घुमतो. एरवी गर्दीत तो आवाज जेमतेम कळतो, इथे भिंतीवर आपटून परत येत होता. आणि १ फेब्रुवारी २०२१ ला लष्कराने सत्ता घेतली, म्हणजे बॅटलबोन्सला एक वर्ष आणि एक दिवस झाला होता. त्यानंतर तिकडे जे सुरू झालं त्यापुढे कुठल्या बेल्टचं काय झालं हे विचारायलाही मला ओशाळल्यासारखं व्हायला लागलं. करेन भागातून लढवय्ये यायचे, त्याच भागाचं नाव मग बातम्यांमध्ये विमानातून टाकलेल्या बॉम्बच्या संदर्भात यायला लागलं. मी फाइल बंद केली ती या आठवड्यात उघडली.

मामाला फोन केला, म्हटलं ती लेथवेची फाइल सापडली. तो म्हणाला, "ती बरोबरीवाली लावून ठेव, रविवारी येतो." रविवारी आला, २०१६ च्या ऑक्टोबरची लावली, शेवटची घंटा झाली, दोघांचे हात वर गेले.

"आता मागे घे," म्हणाला, "शड्डूपासून."